पेशंटचा डेटा क्लाउडवर ठेवायचे नियम कुठून आले?

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर बदलायचा विषय निघाला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो, पेशंटचा डेटा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, ठेवलेला कायद्याने चालतो का. चालतो. खाजगी हॉस्पिटलने क्लाउड वापरूच नये असा सरसकट नियम आपल्याकडे कधी नव्हता. तरी भीती आहे, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही, कारण हे नियम एका जागी कुणी कधी लिहिलेच नाहीत, ते तुकड्यातुकड्याने येत गेले आणि प्रत्येक तुकड्यामागे वेगळंच कारण होतं.

सुरुवात कागदापासून झाली. १९९६ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की पेशंटने स्वतःचे केस पेपर मागितले तर गोपनीयतेचं कारण पुढे करून ते नाकारता येणार नाहीत. मग २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमावलीत आलं की इनडोअर पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचं आणि पेशंटची गुपितं बाहेर सांगायची नाहीत. त्याच नियमावलीत रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करावा असंही एक वाक्य आहे. पण कॉम्प्युटरवर आणल्यावर ते सांभाळायचं कसं, पासवर्ड कुणाकडे, बॅकअप कुठे, यावर काहीच नाही, म्हणजे जबाबदारी डॉक्टरवर टाकली आणि रीत सांगायची राहून गेली.

मजकूर मात्र त्याआधीच कॉम्प्युटरवरून समुद्रापलीकडून यायला लागला होता, फक्त तो आपल्या पेशंटचा नव्हता. अमेरिकेतले डॉक्टर बोलून ठेवायचे आणि इथली मुलंमुली रात्रपाळीत ते टाईप करायची, मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचा तो काळ. अमेरिकेत १९९६ ला हिपा हा पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेची काळजी घेणारा कायदा आला होता, त्यामुळे इथल्या ऑफिसातही पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये हे शिकवलं जायचं. आपल्याकडच्या आयटीवाल्यांची पेशंटच्या प्रायव्हसीशी ओळख झाली ती अशी परदेशी कायद्यातून, आणि त्याची खूण अजून दिसते, कारण अजूनही नाशिक-सांगलीच्या हॉस्पिटलला सॉफ्टवेअर विकताना हिपा कंप्लायंट असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. इथल्या पेशंटवर इथे उपचार होत असतील तर तो कायदा लागूच नाही. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी नक्की आहे. २०१६ मध्ये अमेरिकन आरोग्य खात्याने स्पष्ट केलं की क्लाउड कंपनीकडे डेटा एन्क्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा, होऊन आला आणि तो उघडायची किल्ली तिच्याकडे नसली तरीसुद्धा ती जबाबदार धरली जाईल आणि हॉस्पिटलने तिच्याशी लेखी करार केलाच पाहिजे.

आपल्याकडे पहिला खरा कायदेशीर आधार आला तो आयटी कायद्याच्या कलम ४३अ मधून आणि त्याखालच्या एप्रिल २०११ च्या नियमांतून. मेडिकल रेकॉर्ड, शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती ही संवेदनशील ठरली, तिच्यासाठी लेखी संमती आली, आणि परदेशी पाठवायची तर तिकडेही तेवढंच संरक्षण हवं असं आलं. कागदावर चांगलंच होतं. पण जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्ये हे नियम कुणी वाचले असतील असं मला तरी वाटत नाही.

त्याच वर्षी कोल्हापूरची केस गाजली. गर्भलिंगनिदान रोखायला जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी मशिनला चित्रं नोंदवून ठेवणारं सायलेंट ऑब्झर्व्हर नावाचं यंत्र बसवायला लावलं, गरोदर बाईच्या सोनोग्राफीची माहिती देणारा एफ फॉर्म ऑनलाईन भरायला लावला, आणि रेडिओलॉजिस्टची संघटना हायकोर्टात गेली, त्यांचा एक मुद्दा पेशंटच्या खाजगीपणाचा होता. कोर्टाने आदेश कायम ठेवला, पण कारण बघा, यंत्रातली चित्रं कुठल्याही सर्व्हरला ऑनलाईन जात नाहीत, मशिनसोबतच राहतात, हे कोर्टाने नोंदवलं. डेटा कुठे साठतो आणि कुठे जातो हा प्रश्न, ज्यावर आज सगळी क्लाउडची चर्चा चालते, तो महाराष्ट्रात तेव्हाच कोर्टासमोर येऊन गेला होता. मला हा या सगळ्या इतिहासातला सगळ्यात दुर्लक्षित भाग वाटतो.

छोटी हॉस्पिटलं ऑनलाईन यायला आणखी एक कारण झालं, सरकारी योजना. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे तिचंच नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. मंजुरी ऑनलाईन, म्हणजे रिपोर्ट, फोटो, डिस्चार्ज कार्ड सगळं स्कॅन करून अपलोड करायचं. आणि २०१५ ला मायक्रोसॉफ्टचं डेटा सेंटर पुण्यात आलं, २०१६ ला अॅमेझॉनचं मुंबईत, त्यामुळे तोपर्यंत सिंगापूर वगैरे ठिकाणी जाणारा डेटा देशातच ठेवायची सोय झाली. केंद्राने २०१३ ला काढलेले आणि २०१६ ला सुधारलेले ईएचआर स्टँडर्ड, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पेशंट रेकॉर्डचे निकष, याच काळातले. त्यात लिहिलंय की फाईल हॉस्पिटलची असली तरी आतली माहिती पेशंटच्या मालकीची, हॉस्पिटल फक्त विश्वस्त. वाक्य फार महत्त्वाचं, पण न पाळल्यास दंड नव्हता.

मग २०१७. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्टला खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी एचआयव्ही कायदा आणि मानसिक आरोग्य कायदा झाले, दोन्हीत पेशंटच्या माहितीबद्दल स्वतंत्र कलमं आहेत. २०१८ ला फक्त आरोग्याच्या डेटासाठी दिशा नावाच्या कायद्याचा मसुदाही आला होता, पण सगळ्या डेटासाठी एकच कायदा करू म्हणून तो मागे पडला.

आणि कायदा होईपर्यंत जे व्हायचं ते होतच राहिलं. जर्मनीच्या ग्रीनबोन नावाच्या सिक्युरिटी कंपनीने २०१९ पासून जगभरात इंटरनेटवर उघड्या पडलेल्या एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या सर्व्हरचा शोध घेतला. भारतातल्या राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा होता. इथे हॅकरने काही फोडलं नव्हतं. ही चित्रं ज्या डायकॉम पद्धतीने साठवली जातात तिचा पाया हॉस्पिटलच्या चार भिंतींच्या आतल्या नेटवर्कसाठी घातलेला, आतल्या मशिनने आतल्या मशिनवर विश्वास ठेवायचा असा हिशोब. डॉक्टरांना घरून फिल्म बघता यावी म्हणून कुणीतरी राउटरवर वाट उघडून देतो, पासवर्ड लावतच नाही, आणि पेशंटचं नाव, जन्मतारीख, डॉक्टरचं नाव चित्रासोबत जगाला दिसतं.

२३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअर हल्ला झाला, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागायचा प्रकार. पाच सर्व्हर बाधित, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद, ओपीडी कितीतरी दिवस हाताने कागदावर चालली. सरकारने संसदेत जे कारण सांगितलं ते नेटवर्कचे नीट विभाग न पाडल्याचं होतं. हे सर्व्हर एम्सच्या स्वतःच्या आवारात होते. डेटा आपल्या इमारतीत आहे म्हणजे सुरक्षित आहे असं मानणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने असा प्रकार कळल्यापासून ६ तासांत आपल्याला कळवायचं आणि १८० दिवसांचे लॉग, म्हणजे सिस्टीममध्ये काय झालं त्याच्या नोंदी, ठेवायचे असा आदेश काढलेला होता, आणि त्यात क्लाउड कंपन्याही येतात.

शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ ला आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. क्लाउडसाठी यातली कळीची गोष्ट म्हणजे हॉस्पिटल डेटाचं काम दुसऱ्याला देऊ शकतं, वैध करार करून, पण कायद्याची जबाबदारी हॉस्पिटलकडेच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. परदेशी डेटा पाठवायला मनाई नाही, सरकार ज्या देशांवर बंधन घालेल तेवढे सोडून.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढलेली होती, नव्या कायद्यात तो वेगळा वर्गच नाही, म्हणजे दुकानात दिलेला मोबाईल नंबर आणि मानसोपचाराची फाईल या कायद्यापुरती एकाच रांगेत. एचआयव्ही आणि मानसिक आरोग्याचे स्वतंत्र कायदे त्या पेशंटच्या पाठीशी आहेत, पण कॅन्सर, वंध्यत्व, गर्भपात यांच्या फायलींना क्लाउडवर जास्तीचं कुलूप लावायचं का, चावी कुणाकडे ठेवायची आणि ती फाईल रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर उघडू द्यायची का, हे आजतरी हॉस्पिटलनेच सॉफ्टवेअरवाल्याशी करार करताना ठरवायचं आहे.