मैदा नेऊ नका, नावं लिहून न्या

परदेशी निघालेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी

जुलै लागला की ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर एक यादी हमखास येते. मैदा दोन किलो, पिठीसाखर, कॉर्नफ्लोअर, खायचा सोडा, कंडेन्स्ड मिल्क. लेक शिकायला निघालेली असते आणि "तिथं मिळेल की नाही कोण जाणे" या धास्तीनं आई सगळंच बॅगेत भरायला बघते. यातलं बहुतेक सामान आम्ही परत फळीवर ठेवायला सांगतो. मैदा जगभर मिळतो. फक्त तिथं त्याला मैदा म्हणत नाहीत.

ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात 'प्लेन फ्लोअर' मागा, अमेरिका-कॅनडात 'ऑल पर्पज फ्लोअर'. शेजारच्याच पुड्यावर 'सेल्फ रेझिंग' (अमेरिकेत 'सेल्फ रायझिंग') लिहिलेलं असेल तर तो ठेवून द्या. त्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते, अमेरिकेत तर मीठही. आपण कृतीप्रमाणे वरून आणखी पावडर घातली की केक फुगून खाली बसतो आणि नानकटाई पसरते. जर्मनीत पुड्यावर आकडा असतो. केक-नानकटाईला ४०५, पावाला ५५०. पिठात खनिजं किती उरली आहेत ते हा आकडा सांगतो, त्यामुळे आकडा वाढला की कोंड्याचा अंशही वाढतो.

कॉर्नफ्लोअरचा घोटाळा आमच्याच घरी झाला. अमेरिकेत गेलेल्या भाचीनं 'कॉर्न फ्लोअर' लिहिलेला पुडा आणला, कस्टर्ड करायला घेतलं, आणि पातेल्यात पिवळी, रवाळ पेज तयार झाली. रात्री फोनवर रडवेली झाली होती पोर. तिथं त्या नावानं मक्याचं पीठ मिळतं. आपली पांढरीशुभ्र पूड हवी तर 'कॉर्नस्टार्च' म्हणायचं. ब्रिटनमध्ये मात्र आपल्यासारखंच 'कॉर्नफ्लोअर' चालतं.

खायचा सोडा ब्रिटनमध्ये 'बायकार्बोनेट ऑफ सोडा' या नावानं मिळेल, जर्मनीत 'नाट्रोन' या नावानं. जर्मनीत बेकिंग पावडर छोट्या पुड्यांत येते आणि एक पुडी साधारण अर्धा किलो पिठासाठी असते. पाव किलो मैद्यात अख्खी पुडी रिकामी करू नका, कडवट चव येते.

बिनअंड्याचा केक करणाऱ्यांनी कंडेन्स्ड मिल्कचा डबा नीट वाचावा. 'इव्हॅपोरेटेड मिल्क'चा डबा कंडेन्स्ड मिल्कच्या शेजारी, तसाच दिसणारा असतो. त्यात साखर नसते. लेबलवर 'स्वीटन्ड कंडेन्स्ड' हे दोन्ही शब्द बघा. ब्रिटन-अमेरिकेतला नेहमीचा डबा ३९७ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या जुन्या कृतींतल्या ४०० ग्रॅमच्या डब्याला तो बिनधास्त चालतो.

आपलं पिवळं बटर खारं असतं, म्हणून आपल्या कृतींत वेगळं मीठ सहसा लिहिलेलं नसतं. तिथं बिनमिठाचं बटर घेतलंत तर चिमूटभर मीठ घाला. अमेरिकन कृतीतली 'एक स्टिक' म्हणजे ११३ ग्रॅम.

बॅगेत काय नको

खसखस. अनारशासाठी म्हणून पुडी टाकली जाते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. दुबईला नुसतं विमान बदलायचं असेल तरी ती जोखीम घेऊ नका, अनारसे तिळावर थापा.

युरोपीय संघाच्या देशांत भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. खवा, पेढे, तूप, सगळं त्यात आलं. खव्याऐवजी तिथं दूध पावडर आणि क्रीम मंद आचेवर आटवा, करंजीच्या सारणाला पुरेसं होतं. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना जाहीर करावी. आणि जांभळी नाक्याच्या बाजारातून सुटी आणलेली पांढरी पूड बिनलेबलच्या पिशवीत कुठल्याच देशात नेऊ नका.

न्यायचंच असेल तर टूटीफ्रूटी न्या, बंद छापील पाकिटातली. कच्च्या पपईची ही रंगीत मिठाई भारतीय दुकानाबाहेर सहज सापडत नाही.

वाटी घेऊन या

आमच्या लहानपणी दिवाळीआधी डबे भरून सामान बेकरीच्या भट्टीवर जायचं आणि नानकटाई भाजून घरी यायची. माप घरच्या वाटीचं. ती वाटी परदेशात नसते, आणि 'कप'ही सगळीकडे एक नाही. आपल्याकडच्या मापाच्या संचातला कप बहुधा २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५०चा. तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, आपला १५चा. अमेरिकन ओव्हनवरचे ३५० अंश फॅरेनहाइट म्हणजे आपले साधारण १८० सेल्सिअस.

म्हणून एक करा. आईची कृती आणि तीच वाटी घेऊन दुकानात या. मैदा, साखर, तूप, रवा त्या वाटीत भरून आम्ही काट्यावर तोलून ग्रॅममध्ये लिहून देतो, आणि खाली त्या त्या देशातली नावं. पैसे नाहीत. शनिवारी गर्दी असते, मधल्या वारी आलात तर निवांत करता येईल.