श्रोडर-देव्रिएंट, व्हिल्हेल्मीने

श्रोडर-देव्रिएंट, व्हिल्हेल्मीने : (६ डिसेंबर १८०४–२६ जानेवारी १८६०). जर्मन ऑपेरा-गायिका (सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज). जन्म हँबर्ग येथे, रंगभूमीवरच वाढलेल्या कुटुंबात. वडील फ्रीड्रिख श्रोडर हे बॅरिटोन (पुरुषांचा मध्यम पट्टीचा आवाज) गायक होते. मोट्सार्टच्या ‘डॉन जोव्हान्नी’ या ऑपेरातील नायकाची भूमिका जर्मन भाषेत प्रथम त्यांनीच गायिली, असे सांगितले जाते. आई सोफी श्रोडर (१७८१–१८६८) ही त्या काळची अग्रगण्य शोकनाट्य-अभिनेत्री होती. व्हिल्हेल्मीनेची जडणघडण गायिकेपेक्षा नटीची अधिक झाली, ती या आईमुळे. लहानपणी तिने बॅले शिकून त्यात कामे केली आणि वयाच्या पंधराव्या वर्षी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये गद्य नाटकांतून ती उभी राहिली. गायनाचे शिक्षण त्यामानाने उशिरा सुरू झाले व ते अपुरेच राहिले. पुढे ड्रेझ्डेन येथे मीक्श या शिक्षकाकडे तिने आवाजाची नव्याने बांधणी करण्याचा प्रयत्न केला, परंतु पायाची कसर पूर्णपणे भरून निघाली नाही, असेच बहुतेक समकालीनांचे मत दिसते.

ऑपेरातील तिचे पदार्पण २० जानेवारी १८२१ रोजी व्हिएन्नाच्या केर्न्टनरटोर नाट्यगृहात ‘द मॅजिक फ्लूट’मधील पामिनाच्या भूमिकेने झाले. पुढच्या वर्षी जर्मन संगीतकार वेबरच्या ‘डेर फ्रायशुट्स’मधील आगाथे तिने खुद्द वेबरच्या मार्गदर्शनाखाली गायिली. तिचे नाव मात्र कायमचे जोडले गेले ते बेथोव्हनच्या ‘फिडेलिओ’शी. नोव्हेंबर १८२२ मध्ये या ऑपेराचे व्हिएन्नात पुनरुज्जीवन झाले, तेव्हा पतीच्या सुटकेसाठी पुरुषवेषाने तुरुंगात शिरणाऱ्या लेओनोरेची भूमिका सतरा वर्षांच्या या मुलीकडे आली. बेथोव्हनची श्रवणशक्ती तोवर जवळजवळ संपली होती. रंगीत तालमीचे संचालन त्याने स्वतः करू पाहिले, पण गायक आणि वाद्यवृंद यांचा मेळ सुटला व अखेर संगीतसंचालक उमलाउफ याला सूत्रे घ्यावी लागली. बेथोव्हनचा सचिव व चरित्रकार शिंडलर याची या प्रसंगाची हकिकत आणि खुद्द गायिकेची आठवण तपशिलांत सर्वस्वी जुळत नाहीत. शिंडलरचे इतर लेखनही अविश्वसनीय ठरले आहे, हे लक्षात घेता त्याच्या नाट्यमय वर्णनावर फार भिस्त ठेवता येत नाही. अर्थात गायिकेची आठवणही बऱ्याच वर्षांनंतरची आहे. प्रयोगात तळघराच्या प्रवेशाच्या वेळी तिला वाटलेली खरीखुरी भीती आणि पात्राची भीती एकरूप झाल्या, त्यातूनच तो प्रवेश विलक्षण परिणामकारक ठरला, असे तिच्या चरित्रांत म्हटले आहे. नंतर बेथोव्हनने तिचे अभिनंदन करून तिच्यासाठी नवा ऑपेरा लिहिण्याचे वचन दिले, ही माहितीही तिच्याकडूनच आलेली आहे.

१८२३ मध्ये तिने नट कार्ल देव्रिएंट याच्याशी विवाह केला (घटस्फोट १८२८). त्याच सुमारास ती ड्रेझ्डेनच्या दरबारी ऑपेरात दाखल झाली व पाहुणी कलावंत म्हणून केलेले दौरे वगळता १८४७ पर्यंत तेथेच राहिली. १८३० पासून पॅरिस व १८३२ पासून लंडन येथे जर्मन ऑपेराची ओळख रुजवण्यात तिच्या लेओनोरेचा मोठा वाटा होता. डोन्ना आन्ना, ऑयरिआंथे, नोर्मा, रोसिनीच्या ‘ओतेल्लो’मधील डेस्डेमोना आणि बेल्लिनीच्या ऑपेरातील रोमिओ (स्त्री-आवाजासाठी लिहिलेली पुरुष-भूमिका) या तिच्या अन्य गाजलेल्या भूमिका होत. १८३० मध्ये व्हायमार येथे तिने शूबर्टचे ‘एर्लक्योनिग’ गाऊन दाखवले तेव्हा, आपल्याच कवितेला दिलेली ही चाल पूर्वी न रुचलेल्या वृद्ध कवी गटेने आपले मत बदलले, अशी आख्यायिका व्हायमारचा नट-गायक गेनास्ट याच्या आठवणींवर आधारलेली आहे. शूमानने आपली ‘डिख्टरलीब’ ही गीतमाला (१८४४) तिला अर्पण केली.

तिच्या गायनाविषयी टीकाकारांत प्रारंभापासून दुमत आहे. इंग्रज समीक्षक चोर्ली याला तिचा आवाज बलवान पण असंस्कृत वाटला. तांत्रिक दृष्ट्या सर्वांत जास्त चर्चा झाली ती ऐन भावोत्कट क्षणी गाणे सोडून शब्द उच्चारण्याच्या तिच्या पद्धतीची. ‘फिडेलिओ’च्या तळघरातील चौकडी अखंड गायिली जाणारी आहे, पण लेओनोरे तुरुंगाचा क्रूर अधिकारी पिझार्रो याच्यावर पिस्तूल रोखते, त्या ओळीतील ‘टोट’ (मेलास) हा शेवटचा शब्द ती गात नसे, नुसता बोलत असे. हे केवळ स्वर न पोचल्यामुळे होई, की जाणूनबुजून केलेली योजना होती, हे ठरवणे कठीण आहे. कदाचित आरंभी जी अडचण होती, तिचीच पुढे शैली झाली असावी. १८४३ मध्ये तिला ड्रेझ्डेन येथे ऐकणाऱ्या फ्रेंच संगीतकार बेर्लिओझला अशा बोलून टाकलेल्या ओळी खटकल्या. उलट जर्मन संगीतकार व्हाग्नरने १८७१ च्या निबंधात नेमक्या याच शब्दाचा दाखला देऊन, संगीताच्या आदर्श जगातून प्रेक्षक क्षणात कठोर वास्तवावर कसा आदळतो, हे विशद केले. आवाज म्हणावा असा तिला नव्हताच, पण श्वासाचा वापर ती असा करी की त्यातून स्त्रीचे अंतःकरण प्रकट होई, असा त्याचा अभिप्राय १८७२ च्या लेखनात आढळतो.

व्हाग्नरवरील तिच्या प्रभावाचा आरंभ केव्हा झाला, हा वादाचा विषय आहे. १८६५ पासून सांगून लिहवलेल्या आत्मचरित्रात तो म्हणतो, की १८२९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लाइप्सिक येथे तिची लेओनोरे पाहून त्याच रात्री त्याने तिला पत्र लिहिले आणि आपल्या आयुष्याला आजपासून अर्थ आला, असे कळवले. जुन्या चरित्रकारांनी हे जसेच्या तसे स्वीकारले. तथापि व्हाग्नरचे अभ्यासक डेथरिज यांनी दाखवल्याप्रमाणे त्या वर्षी तेथे असा प्रयोग झाल्याचा पुरावा मिळत नाही. तसेच १८४३ च्या त्याच्या छोट्या आत्मवृत्तात भर आहे तो १८३४ मध्ये पाहिलेल्या बेल्लिनीच्या रोमिओवर. बेथोव्हनचा वारसा आपल्याकडे थेट आला, हे ठसवण्याच्या गरजेतून रोमिओच्या जागी लेओनोरे आली असावी, हा तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. बेल्लिनीच्या संगीताविषयी व्हाग्नर पुढे जे प्रतिकूल बोलला, ते पाहता ही अदलाबदल त्याच्या सोयीचीही होती.

दोघांच्या प्रत्यक्ष सहकार्याबाबत मात्र शंका नाही. व्हाग्नरच्या ‘रिएन्झी’तील आद्रिआनो (२० ऑक्टोबर १८४२), ‘डेर फ्लीगेंड होलेंडर’मधील झेंटा (२ जानेवारी १८४३) आणि ‘टानहॉयझर’मधील व्हीनस (१९ ऑक्टोबर १८४५) या तिन्ही भूमिका ड्रेझ्डेनच्या पहिल्या प्रयोगांत तिनेच केल्या. त्यांपैकी झेंटा सर्वांत यशस्वी ठरली. व्हीनससाठी तिचे वय उलटले होते व ते ती स्वतःही जाणून होती.

१८४७ मध्ये तिने ड्रेझ्डेनची रंगभूमी सोडली. फॉन ड्योरिंग या अधिकाऱ्याशी झालेला दुसरा विवाह अल्पकाळ टिकला. मे १८४९ च्या ड्रेझ्डेनमधील उठावात खिडकीतून जमावाला चेतवताना तिला पाहिल्याचे व्हाग्नरने नमूद केले आहे. या प्रकरणी तिच्यावर कारवाई झाली. १८५० मध्ये लिव्होनिया या बाल्टिक प्रदेशातील जमीनदार फॉन बोक याच्याशी तिचा तिसरा विवाह झाला. अखेरच्या वर्षांत जर्मनीत परतून तिने गीतगायनाचे काही कार्यक्रम केले. कोबुर्ग येथे तिचे निधन झाले. दफन ड्रेझ्डेन येथे आहे.

क्लेर फॉन ग्ल्यूमर (१८६२) आणि आल्फ्रेड फॉन व्होल्त्सोगेन (१८६३) यांची चरित्रे ही तिच्याविषयीची मूळ साधने होत. तिच्या मृत्यूनंतर तिच्या नावावर खपवलेले एका गायिकेचे कामुक आत्मकथन तिचे नाही, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.