मिडसाइज एसयूव्हीत सगळीकडे दीड लिटरचंच इंजिन का?

क्रेटाचं पेट्रोल इंजिन 1497 सीसी, डिझेल 1493, टोयोटा हायरायडर हायब्रिडचं (पेट्रोल इंजिन अधिक विजेची मोटर) 1490. हा आकडा इंजिनिअरांपेक्षा अर्थखात्यानं जास्त ठरवला आहे.

2013च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीचं अबकारी शुल्क 27 वरून 30 टक्के झालं. अटी तीन, त्याही एकत्र लागू: लांबी 4 मीटरहून जास्त, इंजिन 1500 सीसीहून (म्हणजे दीड लिटरहून) मोठं, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासूनची उंची) किमान 170 मिमी. एक्सयूव्ही 500 (2179 सीसी) त्यात अडकली. डिझेल डस्टर (1461 सीसी) सुटली. जीएसटीतही रेघ तीच राहिली. सप्टेंबर 2017पासून रेघेच्या वर उपकरासह 50 टक्के, खाली 45. क्रेटा 2015 साली 1.6 लिटर इंजिनं घेऊन आली होती. 2020च्या मॉडेलात ती गेली. त्याच वर्षी बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचं कडक मानक लागू झालं, डिझेलची सफाई यंत्रणा महागली आणि मारुतीनं डिझेल सोडूनच दिलं.

डिझेलचं गणित मात्र त्याआधीच ढिलं पडलं होतं. मे 2012 मध्ये दिल्लीत पेट्रोल 73 रुपये, डिझेल 41. प्रत्यक्ष ॲव्हरेज लिटरमागे पेट्रोलला 12 किमी, डिझेलला 16 धरलं, तर किलोमीटरमागे 6.08 विरुद्ध 2.56 रुपये, खर्च निम्म्याहूनही कमी. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. आता पेट्रोल 103 आणि डिझेल 90 धरा: 8.58 विरुद्ध 5.63. बचत तिसऱ्या हिश्श्यावर आली.

महाराष्ट्रात आरटीओचा करही मोजावा लागतो, तो बरेच जण विसरतात. 10 ते 20 लाखांच्या गाडीला पेट्रोलवर 12 टक्के, डिझेलवर 14. म्हणजे 15 लाखांच्या पेट्रोल गाडीला 1.80 लाख, 16.5 लाखांच्या डिझेलला 2.31 लाख. किंमत नि कर मिळून फरक दोन लाखांचा. तो वसूल व्हायला सुमारे 68 हजार किलोमीटर लागतात. रोज पाच-सात किलोमीटरच चालणाऱ्या डिझेल गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी अडकवून जाळणारा फिल्टर) पुरेसा तापत नाही, काजळी साचते, ते वेगळंच.

हायरायडर हायब्रिड 2022 साली लिटरला 27.97 किमीचा दावा घेऊन आली. हे आकडे एसी बंद ठेवून, रस्त्यावर नव्हे तर प्रयोगशाळेतल्या रोलरवर, कमाल 90च्या वेगानं काढलेले असतात; तुलना त्यांच्यावरून करावी, पेट्रोलचं बजेट नव्हे.

22 सप्टेंबर 2025पासून 4 मीटरवरच्या या सगळ्या गाड्यांना सरसकट 40 टक्के जीएसटी आहे. 1500ची रेघ त्यांच्यापुरती पुसली गेली, इंजिनं मात्र दीड लिटरचीच आहेत.