करडा देवमासा : किनाऱ्यावरून दर्शन

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, मुख्यतः कॅलिफोर्निया व ऑरेगॉन या राज्यांत, स्थलांतर करणारे करडे देवमासे कड्यावर किंवा भूशिरावर उभे राहून पाहण्याची प्रथा. बहुतेक मोठे देवमासे पाहायचे तर होडीने खोल समुद्रात जावे लागते. करडा देवमासा (एश्रिक्टियस रोबस्टस) मात्र किनारा धरूनच पोहतो. या एका सवयीपायी त्याची बेसुमार शिकार झाली आणि त्याच सवयीमुळे आज तो फुकटात, पाय न भिजवता पाहता येतो.

उन्हाळ्यात हे देवमासे बेरिंग व चुकची समुद्रांत तळाचा गाळ उपसून त्यातले बारीक कवचधारी जीव खातात. शरद ऋतूत ते दक्षिणेकडे निघतात आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ, कोमट खाड्यांत पोचतात. काही पिल्ले तिथे जन्मतात, काही वाटेतच. जाऊन-येऊन हा प्रवास १६,००० ते २०,००० किमी. भरतो. मध्य कॅलिफोर्नियासमोरून दक्षिणेकडे जाणाऱ्यांची गर्दी जानेवारीच्या मध्याला असते. मार्चमध्ये नर आणि पिल्ले नसलेल्या माद्या परततात. पिल्लांना घेऊन माता सर्वांत शेवटी, एप्रिल-मेमध्ये येतात, आणि किनाऱ्याच्या सर्वांत जवळून त्याच जातात. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की जानेवारीत देवमासे डाव्या हाताला सरकतात आणि मार्चनंतर उजव्या.

नवखा माणूस दुर्बीण डोळ्याला लावून बसतो आणि हात हलवत परत जातो. आधी नुसत्या डोळ्यांनी क्षितिजाच्या अलीकडचा पट्टा सावकाश न्याहाळावा लागतो. शोधायचा असतो तो श्वासाचा फवारा, देवमासा नव्हे. नाकपुड्या दोन असल्यामुळे समोरून किंवा मागून फवारा बदामाच्या आकाराचा दिसतो. बाजूने पाहिले तर तीन-चार मीटर उंचीचे धुराचे झुडूप पाण्यावर उगवून विरल्यासारखे वाटते. पंधरा ते तीस सेकंदांच्या अंतराने असे तीन ते पाच फवारे सुटतात, मग शेपटीची दोन पाती वर येतात आणि प्राणी तीन ते पाच मिनिटे बुडी मारतो. तो बुडाला तिथे पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल डाग राहतो. चाल ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे पाच मिनिटांत साधारण अर्धा किलोमीटर. एवढा हिशेब जमला की पुढचा फवारा कुठे फुटणार ते आधीच सांगता येते, आणि खरी गंमत तिथेच आहे.

जवळून गेला तर दिसते ती करड्या, चट्ट्यापट्ट्यांच्या पाठीची कड. पाठीवर पर, म्हणजे माशासारखा पंख, नसतो. एक बुटका उंचवटा आणि त्यामागे शेपटीपर्यंत मुठीच्या हाडांसारखे टेंगूळ असतात. पांढुरके चट्टे म्हणजे कातडीत रुतलेले बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) आणि त्यांच्या भोवती चिकटलेल्या पिवळसर ‘देवमाशाच्या उवा’. पूर्ण वाढलेला प्राणी १२ ते १५ मीटर लांब असतो, पण किनाऱ्यावरून त्याचा दहावा हिस्साही एका वेळी दिसत नाही.

सकाळची वेळ उत्तम. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ऊन पाठीशी असते आणि वारा उठलेला नसतो. दुपारी वाऱ्याने लाटांच्या माथ्यावर फेस आला, की प्रत्येक फेसाचा ठिपका फवाराच वाटू लागतो. ढगाळ आभाळ चालते, धुके मात्र नाही. कॅलिफोर्नियातले पॉइंट रेयीस हे भूशीर समुद्रात लांबवर घुसलेले असल्याने ठिकाण म्हणून नामी, पण धुक्यासाठी तितकेच कुप्रसिद्ध. तीनशेहून अधिक पायऱ्या उतरून १८७० च्या दीपगृहापाशी गेलेल्याला कधीकधी फक्त भोंगा ऐकून परतावे लागते.

मराठीत या प्राण्याला देवमासा म्हणतात. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी शिकारी करड्याला ‘सैतान मासा’ म्हणत. १८५७ नंतर चार्ल्स स्कॅमनसारख्या कप्तानांनी बाहाच्या खाड्यांत शिरून माता आणि पिल्ले मारली. पिल्लाला भाला लागला की आई होडीवर धडकत असे, त्यावरून हे नाव पडले. त्याच काळात कॅलिफोर्नियात किनाऱ्यावरची शिकारठाणी उभी राहिली. मॉन्टेरेजवळच्या पॉइंट लोबोस येथे टेहळ्या कड्यावर बसून फवारा शोधी आणि मग खालून होड्या सुटत. १९४६ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर करड्याच्या व्यापारी शिकारीला बंदी आली. चारच वर्षांनी, १९५० मध्ये, सॅन डिएगोच्या काब्रिओ राष्ट्रीय स्मारकात देवमासे पाहण्यासाठी सार्वजनिक जागा खुली झाली.

पॉइंट लोबोसच्या थोडे दक्षिणेला ग्रॅनाइट कॅन्यनच्या परिसरात १९६७ पासून शास्त्रज्ञ कड्यावरून दक्षिणेकडे जाणारे देवमासे मोजत आले आहेत. म्हणजे टेहळणी तीच, हेतू निराळा. १९९४ मध्ये हा पूर्व पॅसिफिकचा कळप अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून वगळला गेला. २०१६ च्या सुमारास संख्येचा अंदाज २७,००० वर पोचला. २०१९ पासून उत्तरेत खाद्य कमी पडून उपाशी, हाडे दिसणारे देवमासे किनाऱ्याला लागू लागले आणि २०२५ चा अंदाज जेमतेम १३,००० निघाला.

फवाऱ्यांच्या मधल्या वेळेत पाहायला बरेच असते. केल्प या लांबलचक समुद्री शेवाळाच्या पट्ट्यात अंगाला त्याचे पीळ गुंडाळून उताणी पडलेली समुद्री पाणमांजरे पोटावरच्या दगडावर शिंपले आपटतात. कॅलिफोर्नियातून ती संपली असे समजत असताना १९३८ मध्ये याच भागात त्यांचा एक छोटा कळप सापडला. पिएद्रास ब्लांकासच्या वाळूत सागरी हत्ती म्हणवणाऱ्या सीलची हिवाळी वीण चालू असते. ही वसाहत १९९० पासूनची. पाण्यालगत ओळीने जाणारे काळे पाणकावळे आणि सूर मारणारे तपकिरी पेलिकन नजर भरकटवतात, आणि नेमका त्याच क्षणी देवमासा शेपूट दाखवून जातो.

ऑरेगॉनच्या डेपो बे येथे काही देवमासे उत्तरेला न जाता उन्हाळाभर रेंगाळतात, त्यामुळे तिथे जुलै-ऑगस्टमध्येही ते दिसतात. अरबी समुद्रात करडा देवमासा नाही. कोकणच्या किनाऱ्याला अधूनमधून मृतावस्थेत लागतात ते वेगळ्या जातींचे.