डालग्याखालचा कोंबडा

गावाकडे भल्या पहाटे उठणाऱ्या माणसाबद्दल ‘तो पहिल्या कोंबड्याला उठतो’ असे म्हणतात. या बोलण्यात कोंबडा हे वेळेचे माप आहे आणि ते ‘तांबडे फुटताना’ या मापाहून कडक आहे, कारण पहिला कोंबडा आरवतो तो काळोखातच. उजाडल्यावर अंथरूण सोडणाऱ्याला ही शाबासकी मिळत नाही.

‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ ही म्हण मात्र एक गोष्ट गृहीत धरते: कोंबडा डालग्याखाली डालला, त्याला उजेड दिसला नाही, की तो गप्प राहील. नेमकी हीच समजूत जपानमधील नागोया विद्यापीठातील त्सुयोशी शिम्मुरा आणि ताकाशी योशिमुरा यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तपासली गेली. बारा तास लख्ख आणि बारा तास अंधूक उजेडात ठेवलेले कोंबडे दिवे लागण्याच्या सुमारे दोन तास आधीच आरवू लागत. पुढे दिवसरात्र अंधूक उजेड ठेवला, तरी साधारण २३.७ तासांच्या अंतराने त्यांची ‘पहाट’ होत राहिली. काही दिवसांनी ही लय विरत गेली, हेही खरे. मध्येच दिवा लावला किंवा दुसऱ्याचे आरवणे ऐकवले तर ते ओरडत, पण त्यांच्या आतल्या पहाटेच्या वेळी हा प्रतिसाद सर्वांत जोरकस असे.

या आतल्या घड्याळाचा एक भाग कोंबडीच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथीत असतो. तिच्या पेशींना कवटीतून झिरपणारा उजेड थेट कळतो. इतकेच नव्हे, तर त्या बाहेर काढून काचेच्या बशीत वाढवल्या, तरी रात्री जास्त आणि दिवसा कमी मेलाटोनिन हे संप्रेरक तयार करण्याचा क्रम काही दिवस सांभाळतात. तेव्हा डालगे कितीही घट्ट विणलेले असले, तरी त्याने घड्याळ झाकले जात नाही.

‘पहिला कोंबडा’ या शब्दांतही अधिक अर्थ दडलेला आहे. याच संशोधकांच्या गटाने २०१५ साली दाखवून दिले की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत आधी आरवतो तो मारामारीत वरचढ ठरलेला. बाकीचे, स्वतःचे घड्याळ चालू असूनही, उतरत्या मानाने त्याच्यामागून आरवतात. त्या म्होरक्याला बाजूला काढले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकाचा कोंबडा पहिला झाला.