चावीचं जुनं कव्हर टाकण्याआधी हे वाचा

चावी बंद पडली की आधी एवढंच पाहा: दार उघडत नाही, की गाडी स्टार्ट होत नाही? ही दोन कामं चावीतले दोन वेगळे भाग करतात. दार उघडणाऱ्या रिमोटला सेल लागतो. गाडी स्टार्ट व्हायला ‘हीच माझी चावी’ अशी ओळख पटवते ती चिप, आणि साध्या चावीतल्या चिपला सेल लागत नाही. इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते.

रिमोट चालत नसेल तर दुसरी चावी वापरून बघा. तीही चालली नाही तर चावी खोलू नका, आधी गाडीची बॅटरी तपासा. सेल घेताना जुन्यावरचा नंबर वाचून घ्या. सीआर २०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. त्याजागी २०२५ बसतो, पण तो २.५ मिमीचाच, पत्ती नीट टेकत नाही आणि चावी कधी चालते, कधी नाही. सेल कडेने धरा, बोटांचा तेलकटपणा लागू देऊ नका. पुश बटणाच्या गाडीत सेल संपला, तर चावीतली लोखंडी पाती काढून दार उघडा. बऱ्याच गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी चालू होते.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कव्हर बदलताना. तुटलं म्हणून नवं मागवतात, आतली हिरवी प्लेट नव्यात बसवतात आणि जुनं फेकून देतात. पुष्कळ चाव्यांत चिप त्या प्लेटवर नसते. कव्हरच्याच एका खाचेत, कधी चिकटवलेली, जेमतेम १२ मिमीचा काळा तुकडा किंवा तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते ती. मग दार छान उघडतं, सेल्फही फिरतो, पण इंजिन धरत नाही, किंवा धरून एक-दोन सेकंदांत बंद पडतं, आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. लोक पुन्हा सेल बदलतात. सेलचा इथे काही संबंध नाही! जुनं कव्हर हाताशी असेल तर चिप काढून नव्यात बसवणं पाच मिनिटांचं काम आहे. ते कचऱ्यात गेलं असेल तर नवी चिप घेऊन गाडीला प्रोग्राम करावी लागते. म्हणून कव्हर पांढऱ्या कापडावर उघडा, आणि नव्या चावीने गाडी दोन-तीनदा स्टार्ट झाल्याशिवाय जुनं टाकू नका.

नवी चावी करताना आम्ही गाडी, तिची कागदपत्रं आणि घरातल्या सगळ्या चाव्या मागतो. काहींना तो त्रास वाटतो. पण अनेक गाड्यांत प्रोग्रामिंगच्या वेळी समोर नसलेली चावी मेमरीतून निघून जाते, आणि कागद न बघता चावी करून देणं आम्हाला मान्य नाही.

कव्हर तुम्ही कुठूनही घेतलेलं असो, जुनं-नवं दोन्ही घेऊन या. चिप तुमच्यासमोर बसवून देऊ. आणि घरात एकच चावी उरली असेल तर दुसरी आत्ताच करून घ्या. चालू चावी हातात असताना ते काम बरंच सोपं असतं.