देहबोलीचे वाचन

देहबोलीचे वाचन : समोरच्या व्यक्तीची मुद्रा, नजर, हातवारे, बसण्याची ढब व आवाजातील चढउतार यांवरून तिच्या मनःस्थितीचा अंदाज बांधण्याचे कौशल्य. ते बरेचसे लहानपणीच अंगवळणी पडते.

या अभ्यासाचा भारतीय उगम अनेकदा नाट्यशास्त्र या भरतमुनींच्या नावावरील नाट्यविषयक ग्रंथात दाखवला जातो (ग्रंथाचा काळ स्थूलमानाने इ. स. पू. २०० ते इ. स. २००). त्यात ३६ दृष्टी व स्वेद (घाम), वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणे) इ. आठ सात्त्विक भाव (भावनेने शरीरात आपोआप होणारे बदल) सांगितले आहेत; मात्र तो उपदेश मुख्यतः भाव दाखवणाऱ्या नटासाठी आहे. भाव ओळखण्याची बाजू न्यायदानाच्या चर्चेत अधिक सापडते. स्वर, वर्ण (चेहऱ्याचा रंग), इंगित (सूचक खुणा), आकार (मुद्रा), नेत्र व हालचाल यांवरून माणसाचे मन जाणावे, असे मनुस्मृती (८.२५–२६) सांगते. यांतील दुसरा श्लोक पंचतंत्र व हितोपदेश यांतही येतो. तेव्हा तो मूळचा स्मृतीतला नसून आधीपासून फिरते सुभाषित असावा, ही शक्यता उरते.

याज्ञवल्क्यस्मृतीतील (२.१३–१५) वर्णन अधिक बारीक आहे : खोटा माणूस एका जागी ठरत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम येतो, चेहरा उतरतो, वाणी कोरडी पडून अडखळते, तो नजरेला नजर देत नाही. या स्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे इ. स. १०० ते ३०० असा मानतात. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल तो गुप्तकाळापर्यंत (इ. स. चौथे-पाचवे शतक) खाली आणतात व अलीकडे हे मत अधिक ग्राह्य वाटते.  या श्लोकांवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका (इ. स. ११०० च्या आसपास) महत्त्वाची आहे. त्याच्या मते या खुणांनी दोषाची केवळ शंका येते, निश्चय होत नाही. कारण स्वाभाविक विकार व प्रसंगाने आलेला विकार यांतला फरक कळणे कठीण.

आधुनिक संशोधन याहून फार पुढे गेलेले नाही. चार्ल्स बाँड व बेला डीपाउलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यातील अचूकता सरासरी ५४ टक्के, म्हणजे छापा-काट्याच्या किंचित वर, भरली. चार्ल्स डार्विनचा भावाभिव्यक्तीवरील ग्रंथ १८७२ चा. रे बर्डव्हिसल यांनी अंगविक्षेपांचे स्वतंत्र शास्त्र १९५२ मध्ये मांडले. पॉल एकमन व वॉलेस फ्रीझन या मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या स्नायूंची संकेतपद्धती १९७८ मध्ये दिली. मनापासूनच्या हास्यात डोळ्यांभोवतीचा स्नायू आकुंचतो, हे फ्रेंच वैद्य ड्यूशेन यांनी १८६२ मध्येच नोंदवले होते. दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली मैत्रीण हसली, हे पुण्यात सिग्नलला तेवढ्यावरच कळते.

पुण्यात या कौशल्याचे पद्धतशीर शिक्षण नाट्य-नृत्याच्या वर्गांखेरीज सदाशिव पेठ, नवी पेठ भागातील स्पर्धापरीक्षांच्या मुलाखतवर्गांत आढळते. ‘७–३८–५५ टक्के’ (शब्दांचा वाटा ७, सुराचा ३८, चेहऱ्याचा किंवा देहबोलीचा ५५) हे सूत्र असल्या प्रशिक्षणात सर्रास सांगतात. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून निघालेले हे आकडे शब्द व सूर किंवा सूर व चेहरा विसंगत असताना भावना कशी ताडली जाते एवढ्यापुरतेच होते. सर्व संभाषणाला ते लावणे चूक. सराव-मुलाखतीत आधी गाव, शिक्षण असे सोपे प्रश्न विचारून उमेदवाराचे नेहमीचे बसणे-बोलणे पाहून ठेवणे अधिक उपयोगी. टेबलाखाली हलणारा पाय तेव्हाही हलत असेल, तर पुढच्या अवघड प्रश्नावर त्याचा अर्थ लावता येत नाही.